काहील आणि काहिली

“एवढ्या काहिलीत कुठं निघालाईस?” हा आजीचा प्रश्न माझ्या लहानपणीच्या प्रत्येक उन्हाळ्यात, दुपारी उंबरठा ओलांडताना, हटकून कानावर पडत असे. मी सहा-सात वर्षांचा असताना या प्रश्नाने खरोखर घाबरत असे, कारण काहील म्हणजे काय हे मला चांगले ठाऊक होते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर, चुलत्यांचे गुऱ्हाळ होते आणि तिथल्या काहिलीपासून दहा हात लांब राहायचे, ही घरातल्या प्रत्येक मुलाला मिळालेली पहिली ताकीद होती. आजी काहिलीत जाऊ नकोस म्हणते म्हणजे उकळत्या रसात जाऊ नकोस म्हणते, असाच अर्थ मी घेत असे, आणि वैशाखात गुऱ्हाळ बंद असताना, चुलवणात राखेशिवाय काही नसताना ती असे का म्हणते, हे कोडे मला सुटत नसे. पुढे शाळेत मित्रांच्या तोंडी ‘अंगाची काहिली होते’ हे वाक्य ऐकले, पुस्तकांत वाचले आणि हळूहळू माझ्या मनात दोन वेगळे शब्द तयार झाले: एक लोखंडाचा, दुसरा उन्हाचा. आज इतक्या वर्षांनी मला असे वाटते की सहा वर्षांच्या त्या मुलाने जे ऐकले होते तेच बरोबर होते आणि शब्द दोन नाहीत.

त्या मुलाच्या समजुतीला व्याकरणाचाही पुरता आधार होता. ‘काहील’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे. त्याचे अनेकवचन ‘काहिली’ होते आणि विभक्तीचा प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूपही ‘काहिली’च होते. त्यामुळे ‘काहिलीत रस ओतला’ आणि ‘काहिलीत चालत आलो’ या दोन वाक्यांतला पहिला शब्द अक्षराने, ऱ्हस्व-दीर्घाने, उच्चाराने अगदी एकच आहे. भांडे कोणते आणि हवा कोणती हे ऐकणाऱ्याने पुढच्या क्रियापदावरून ठरवायचे. उसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या कानात ही दोन्ही वाक्ये लहानपणापासून शेजारी शेजारी नांदत असतात. गावाबाहेरच्या मराठी माणसाला मात्र काहिली ठाऊक असते आणि काहील नसते. पुण्या-मुंबईच्या कितीतरी सुशिक्षित स्नेह्यांना मी विचारून पाहिले. ‘काहिली’ सर्वांना माहीत होती, पण ती कुठून आली असेल या प्रश्नावर त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहिले नाही. म्हणून काहील म्हणजे काय, हे नीट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

काहील म्हणजे उसाचा रस आटवण्याची उथळ, पसरट, प्रचंड कढई. लोखंडी पत्र्याची, आठ-नऊ फूट व्यासाची आणि दोन माणसांनीही सहज न हलणारी. ती जमिनीत खोदलेल्या चुलवणावर बसवलेली असते. घाण्यातून निघालेला रस गाळून तिच्यात सोडतात आणि उसाची पिळून वाळवलेली चिपाडे खालच्या तोंडातून आत सारत जाळ धरतात. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर शिजतो, बाहेरचे जळण फारसे लागत नाही, ही या कामातली मला लहानपणापासून सर्वांत आश्चर्याची वाटलेली गोष्ट. रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी घालतात, त्याने रसाचा आंबटपणा मरतो. रानभेंडीची ठेचलेली खोडे पाण्यात चोळून त्यांचा बुळबुळीत अर्क घालतात, तो रसातला गाळ धरून वर आणतो. मग करड्या-हिरव्या फेसाची जाड साय रसावर येते, तिला मळी म्हणतात आणि ती हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, रस पूर्ण निवळेपर्यंत काढावी लागते. त्यानंतर जो रस उरतो त्याचा रंग सोनेरी असतो आणि त्याला पहिला खरा कढ तिथून येतो.

या सगळ्यावर लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे गुळव्या. आमच्याकडे गुऱ्हाळाचा मालक कोणीही असला तरी आदण, म्हणजे काहिलीत शिजणारा रस, उतरायचे की नाही हे गुळव्याच ठरवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे साधे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रस मात्र जसजसा दाट होतो तसतसे त्याचे तापमान वर सरकत जाते. १०५ अंशांच्या आसपास तो काकवी झालेला असतो आणि ११८ अंशांच्या आसपास गुळाला येतो. माझ्या लहानपणी आमच्या गुऱ्हाळात तापमापक नव्हता. गुळव्या बुडबुड्यांचा आकार पाहत असे, उकळीचा आवाज ऐकत असे आणि शेवटी एक थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी दाबून पाहत असे. सुरुवातीला रसाची खळखळ मोठी आणि पातळ असते. शेवटी शेवटी ती जड होत होत नुसत्या धापा टाकल्यासारख्या आवाजावर येते. तो आवाज आला की सगळी माणसे एकदम उठत, काहिलीच्या कड्या धरत आणि ती चुलवणावरून ओढून वाफ्यात रिती करत. तिथे तो गूळ घोटायचा, निवू द्यायचा आणि कापड घातलेल्या भांड्यांत भरून त्याचे रवे पाडायचे. टनभर उसातून शंभर-सव्वाशे किलो गूळ पदरात पडतो; बाकी चिपाड, मळी आणि वाफ.

हे मी इतके सविस्तर सांगतो याला कारण आहे. काहिलीत रस जळत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. जाळ खाली असतो, लोखंडाच्या पलीकडे, आणि रसाला तो कधीच शिवत नाही. रस आतल्या आत खदखदतो, त्यातले पाणी क्षणाक्षणाला उडून जाते आणि जे उरते ते दाट, जड, चिकट होत जाते. आता वैशाखातल्या दुपारी दोन वाजता कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठाने उघड्या डोक्याने चालत आलेल्या माणसाची अवस्था आठवून पाहावी. त्याच्या अंगाला आग लागलेली नसते. त्याची कातडी लोखंडासारखी तापलेली असते, बाहेरचा जाळ कातडीपाशी थांबलेला असतो आणि आत मात्र काहीतरी खदखदत, आटत, जड होत असते. या अवस्थेला ‘माझे अंग जळते आहे’ असे म्हणणे पुरेसे नाही. ‘माझ्या अंगाची काहिली झाली आहे’ हे म्हणणे अचूक आहे, कारण त्यात अंग हे जळणारी वस्तू नसून आटवणारे भांडे ठरते. ज्याने हा शब्द भांड्यावरून उचलून अंगाला लावला, त्याने काहिलीशेजारी उभे राहून एखादे तरी आदण उतरताना पाहिले असावे, असे मला मनापासून वाटते.

एकदा ही वाट सापडली की मराठीतले उन्हाळ्याचे इतर शब्दही त्याच वाटेने चुलीकडे जाताना दिसू लागतात. ‘उकाडा’ म्हणताना आपण बटाटे आणि अंडी ज्यात उकडतो ते झाकण ठेवलेले पातेले आठवत नाही, पण शब्द तेच सांगतो: वाफ कोंडलेली आहे आणि तिला बाहेर जायला वाट नाही. पीक करपते आणि भाकरीही करपते. शेत होरपळते, पाय पोळतात, जमीन तव्यासारखी तापते. ‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीतला फुफाटा म्हणजे वरून शांत दिसणारी आणि आत निखाऱ्याइतकी ऊन असलेली राख, आणि उन्हाळ्यात बैलगाडीच्या वाटेवर पाय घोट्यापर्यंत बुडेल अशी जी तापलेली धूळ साचते तिलाही आमच्याकडे फुफाटाच म्हणतात. आभाळाकडे पाहून केलेला शब्द यांत शोधावा लागतो. हे शब्द ज्यांनी केले ती माणसे चुलीपुढे, भट्टीपुढे, चुलवणापुढे बसणारी होती आणि त्यांनी सूर्याला आपल्या ओळखीच्या आगीवरून ओळखले.

यांतला ‘लाही’ हा शब्द मला काहिलीच्या खालोखाल प्रिय आहे. संस्कृतातली ‘लाजा’ मराठीत ‘लाही’ झाली. लग्नात नवरी ओंजळीने अग्नीत ज्या लाह्या सोडते त्या विधीला अजूनही लाजाहोमच म्हणतात. आमच्याकडे नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या होतात. ज्यांनी त्या फुटताना पाहिल्या आहेत त्यांना ‘जिवाची लाहीलाही’ या शब्दांतली द्विरुक्ती का आली हे सांगावे लागत नाही. कढईतली वाळू किंवा नुसते तापलेले लोखंड, त्यावर पडलेला कोरडा दाणा, क्षणभर काहीच न होणे आणि मग एकामागून एक तडतड. दाण्याच्या आतला ओलावा वाफ होऊन सालाला फोडून बाहेर पडतो. उकाडा ओला आहे, लाही कोरडी आहे. उकाड्यात घाम येतो आणि वाळत नाही; लाहीलाही होते तेव्हा घाम येण्याआधीच वाळतो. काहिली या दोहोंपेक्षा वेगळी आहे, कारण तिच्यात वेळ आहे. लाही क्षणात फुटते. आदण उतरायला तास लागतात. सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी पाचपर्यंत न संपणारी, माणसाला हळूहळू दाट आणि मंद करणारी जी उष्णता, तिच्यासाठी भाषेने सावकाश शिजवणाऱ्या भांड्याचा शब्द निवडला, ही निवड मला विलक्षण समंजस वाटते.

चुलीकडे न जाणारे शब्द मोजकेच आहेत. त्यांत ‘तलखी’ आहे. फारसीत ‘तल्खी’ म्हणजे कडवटपणा. मराठीत येताना त्या शब्दाने जिभेवरची कडू चव सोडली आणि घशाची कोरड, जिवाची तगमग तेवढी घेतली. रणरण आणि रखरख हे ध्वनीवरून आलेले शब्द आहेत आणि त्यांचे मला नेहमी नवल वाटते, कारण ऊन मुळात आवाज करत नाही. भर दुपारी सगळे आवाज थांबतात, पाखरे झाडात दडतात, रस्ता निर्मनुष्य होतो आणि त्या शांततेलाच कानात एक बारीक कंप असतो, त्या कंपाला कोणीतरी ‘रणरण’ म्हटले असावे. शिवाय एक वाक्प्रचार असा आहे की ज्यात ऊन स्वतःच बोलते. ‘ऊन मी म्हणतंय’ असे आमच्याकडे म्हणतात. उन्हापुढे दुसऱ्या कोणाचे काही चालत नाही, दुपार ही एकट्या त्याचीच आहे, हे सांगायला याहून थोडके शब्द सापडणार नाहीत.

आणि खुद्द ‘ऊन’ हा शब्द तर या सर्वांचा वडीलधारा. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’, उष्णकाळाचा उन्हाळा. पण गंमत नव्हे, मोलाची गोष्ट अशी की मराठीत ऊन केवळ आभाळातून पडत नाही, ते ताटातही वाढले जाते. ‘ऊन ऊन भात’, ‘आंघोळीला ऊन पाणी’ असे म्हणणारी पिढी माझ्या घरात अजून आहे. म्हणजे सूर्याचा प्रकाश आणि भाताची वाफ यांना एकाच शब्दात बसवण्याची सवय या भाषेला फार जुनी आहे. ‘ताप’ या शब्दाचेही तसेच आहे. सूर्याचा ताप, अंगातला ताप, डोक्याला ताप, मनातला संताप आणि पश्चात्ताप. ज्ञानदेवांनी पसायदानात ‘मार्तंड जे तापहीन’ असे मागितले तेव्हा त्यांच्या मनात सज्जन होते, ज्यांचे तेज कोणाला भाजत नाही असे सूर्य. ताप या शब्दात ऊन आणि दुःख आधीपासून एकत्र होते म्हणूनच ते मागणे दोन शब्दांत मावले.

ऊन आणि दुःख यांचे हे एकत्र असणे काहिलीत मी घरातच पाहिले आहे. मला लहानपणी एकदा मोठा ताप भरला होता, आजीने कपाळावर हात ठेवला आणि आईला म्हणाली, “पोराच्या अंगाची नुसती काहिली झालीया, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव.” तो महिना पौषाचा होता, बाहेर कडाक्याची थंडी होती, आणि तरीही शब्द तोच होता. पुढे अनेक वर्षांनी माझ्या आत्याचा कर्ता मुलगा अपघातात गेला. दहाव्याच्या दिवसापर्यंत ती रडली नाही. घाटावरून परत आल्यावर ती सोप्यात भिंतीला टेकून बसली, पदराने वारा घेऊ लागली आणि म्हणाली, “जिवाची काहिली थांबत न्हाई रं.” त्या दिवशी पावसाची झड लागली होती. वारा घेण्यासारखे बाहेर काहीच नव्हते. मी शेजारी बसून होतो आणि मला त्या क्षणी काहिलीचे ते शेवटचे, जड, धापा टाकल्यासारखे उकळणे ऐकू आले. रडू न येणाऱ्या माणसाच्या आत काय चालते याचे वर्णन मी नंतर पुष्कळ ठिकाणी वाचले, पण पाणी उडून जाऊन मागे दाट काहीतरी उरण्याची ही अवस्था तिच्या एका शब्दाइतकी नेमकी मला कुठे सापडली नाही. मराठीने दुःखालाही ‘कढ’ दिले आहेत, आणि तो कढ संस्कृत ‘क्वथ्’ या, म्हणजे उकळण्याच्या, धातूपासून आला आहे. त्याच धातूपासून औषधाचा काढा आला. पण कढ येतो आणि ओसरतो. काहिली खालचा जाळ काढल्याशिवाय थांबत नाही.

हवामानाच्या बातम्यांत आता ‘उष्णतेची लाट’ हा शब्द रूढ झाला आहे आणि तो आवश्यकही आहे. हवामान खात्याची त्यामागची व्याख्या काटेकोर आहे: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले पाहिजे आणि ते तिथल्या नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त असले पाहिजे. किनारपट्टीला हीच मर्यादा ३७ अंशांची आणि डोंगराळ भागाला ३० अंशांची आहे. अशा व्याख्येवरून इशारे देता येतात, शाळांच्या वेळा बदलता येतात, दवाखाने तयार ठेवता येतात. पण लाट बाहेरून येते आणि निघून जाते, म्हणून त्या शब्दात माणसाच्या अंगाला जागा नाही. अंगाचे काय होते ते वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. बाहेरची हवा कातडीपेक्षा जास्त तापली की उष्णता बाहेर टाकण्याचे बाकीचे मार्ग बंद होतात आणि एकच उरतो: घाम येणे आणि तो वाळणे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. प्यायला पाणी मिळाले नाही, किंवा हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळला नाही, तर आतले तापमान चढत जाते, आणि ते ४० अंशांपलीकडे गेले, माणूस असंबद्ध बोलू लागला, की त्याला उष्माघात म्हणतात आणि तिथे मिनिटामिनिटाला किंमत येते. हे वाचताना मला प्रत्येक वेळी काहिलीची आठवण होते, कारण जोवर वाफ निघते आहे तोवर रस सावकाश चढतो आणि पाणी संपत आले की त्याचा पारा झपाट्याने वर जातो. तेवढ्या काळात गुळव्याची नजर हलली तर आदण करपते.

काहिली म्हणजे काय हे चार-दोन माणसांचे नव्हे तर लाखोंचे अंग एकदम सांगते ते चैत्र पौर्णिमेला, जोतिबाच्या डोंगरावर. डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीला त्या दिवशी उंचच उंच सासनकाठ्या नाचवत, गुलालाने माखलेली माणसे गावोगावहून येतात. बरीचशी अनवाणी असतात आणि दुपारी देवळाच्या आवारातली काळी फरशी पाय ठेवू देत नाही. माझ्या तरुणपणी मी दोन वर्षे आमच्या गावच्या काठीबरोबर चालत गेलो. तोल सांभाळताना मान वर, तोंडावर ऊन, डोळ्यांत गुलाल आणि घाम, आणि ‘चांगभलं’चा गजर थांबत नाही. वाटेवर ठिकठिकाणी लोक पाण्याची पिंपे, ताक, सरबत घेऊन उभे असतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या माणसाने मला ओढून सावलीत बसवले आणि हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाला, “आधी ह्यो चघळ, मग पाणी पी. काहिलीत एकदम पाणी वतू नगंस.” मी गूळ तोंडात धरला. तो म्हातारा कोणत्या काहिलीबद्दल बोलत होता हे मला नक्की सांगता येणार नाही.

उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देण्याची ही रीत साऱ्या महाराष्ट्रात आहे, पण आमच्या मुलखात तिला वेगळे वजन आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या सव्वाशे वर्षांत इथल्या गुळाचे कौतुक भरपूर झाले. त्याच्या रंगाचे, चवीचे, टिकण्याचे. चुलवणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसून तासन् तास चिपाड सारणाऱ्या माणसाच्या अंगाचे काय होते, याचा उल्लेख त्या कौतुकात क्वचित येतो. त्याच्या पुढ्यात जाळ असतो आणि पाठीला कार्तिकातला गार वारा. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा तापू लागताना उतरणीला लागतो, म्हणजे काहील सर्वांत जोरात चालते ती थंडीत. गावातली म्हातारी माणसे पहाटे गुऱ्हाळावर येत ती शेकायला. आम्ही मुले यायचो ती ताज्या, ऊन काकवीसाठी. चुलवणापाशी बसणारा माणूस मात्र निम्मा भाजलेला आणि निम्मा गारठलेला असा सगळा हंगाम काढत असे. त्याला मी एकदा विचारले होते की काहिली होत नाही का. त्याने चिपाडाची पेंढी आत लोटली, मग म्हणाला, “हितनं उठून घरी गेल्यावर हुतीया. हितं कळत न्हाई.” ते उत्तर मी तेव्हा विसरून गेलो आणि आत्या सोप्यात बसलेली पाहिली त्या दिवशी मला ते आठवले.

चुलत्यांचे गुऱ्हाळ आता चालत नाही. ऊस कारखान्याला जातो, गुळव्याच्या मुलांनी दुसरी कामे धरली आणि चिपाड वाळवत बसायला माणसे मिळत नाहीत. आसपासच्या गावांत काही गुऱ्हाळे चालू आहेत, पण माझ्या लहानपणी संध्याकाळी शिवारात ज्या बाजूला पाहावे त्या बाजूला दिसणारा तो पांढरा वाफेचा खांब आता शोधावा लागतो. काहील दिसेनाशी झाली तरी काहिली हा शब्द राहील, याबद्दल मला शंका नाही, कारण तो केव्हाच गावाबाहेर पडून ज्यांनी काहील पाहिली नाही अशा कोट्यवधी माणसांचा झाला आहे. ‘लाजा’ गेली तरी लाहीलाही राहिली, तसेच हे. तरीही काहील पाहिलेल्या माणसाने तो शब्द उच्चारणे आणि न पाहिलेल्याने उच्चारणे यांत फरक राहील, आणि तो फरक मला जाणवतो तोवर तो लिहून ठेवणे मी माझे काम समजतो.

या वर्षी वैशाखात गावी गेलो होतो. दुपारची वेळ होती, रोहिणी नक्षत्र अजून लागायचे होते, वळवाचा एकही थेंब पडला नव्हता आणि पूर्वेला ढगांची नुसती हूल उठून विरत होती. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. मी दारात चपला काढल्या तेव्हा ती म्हणाली, “ह्या काहिलीत कशाला आलास? बस, मी गूळ-पाणी आणतो.” आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखेच ‘मी आणतो’, ‘मी येतो’ असे बोलतात आणि तिच्या तोंडी ते मला फार गोड वाटते. गूळ खाल्ला, माठातले पाणी प्यालो, आणि ती नको नको म्हणत असताना परड्यातून गुऱ्हाळाकडे गेलो. छपराचे पत्रे अर्धे उडालेले आहेत. घाणा विकून टाकला आहे. चुलवणाचे तोंड उघडेच होते आणि आत, गेल्या कित्येक वर्षांच्या राखेवर, सावलीला एक कुत्रे पाय पसरून गाढ झोपले होते. काहील बाहेर, चिंचेच्या सावलीपासून थोडी दूर, उघड्यावर पालथी घातलेली होती. तिच्या बुडाची काजळी पावसांनी कधीच धुऊन नेली आहे आणि पत्रा तांबूस झाला आहे. मी वाकून तिच्यावर हात ठेवला, आणि तो तिथे ठेववला नाही.